पाचवी बाटली

मुलाने शिकागोत घर घेतलं तेव्हा फोटो पाठवले होते ते लाल विटांच्या दर्शनी भिंतीचे, लाकडी जिन्याचे आणि मागच्या गॅरेजचे. तळघराचा एकही फोटो नव्हता. आम्ही दोघं तिथे पोचल्यावर आमची ही स्वयंपाकघर बघायला गेली आणि मी तळघरात उतरलो. उभी हयात महाराष्ट्रात पाणीपुरवठ्याच्या कामात गेली. कुणाच्याही घरी गेलो तरी नजर आधी मीटरकडे जाते.

घर १९२० च्या दशकातलं. तिकडे अशा घराला टू-फ्लॅट म्हणतात. खाली मालक, वर भाडेकरू, आणि रस्त्यावरच्या मेनमधून दोघांना मिळून एकच कनेक्शन. तळघराच्या पुढच्या भिंतीजवळ जमिनीतून एक करडा पाईप वर आला होता. मीटरच्या थोडा आधी त्याला कांद्याएवढी गुळगुळीत गाठ होती. मुलगा म्हणाला, "बाबा, जुना जीआय असेल." जीआयला, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी पाईपाला, अशी गाठ नसते. मी खिशातली किल्ली काढून पाईपवर ओढली. करड्या पुटाखालून चकचकीत रुपेरी रेघ निघाली, आणि किल्ली लोण्यासारखी नसली तरी जरा जास्तच सहज रुतली. फ्रिजवरचं चुंबक आणायला लावलं, ते चिकटेना. तांबं असतं तर रेघ तांबूस दिसली असती, जीआय असता तर चुंबक बसलं असतं. उरलं ते शिसं.

मुलाचा चेहरा उतरला, पण शिकागोत यात जगावेगळं काही नाही. या शहराच्या बांधकाम नियमांत घरगुती जोडणीसाठी शिशाचाच पाईप टाकण्याची सक्ती होती, आणि तीही १९८६ साली देशभर शिशाच्या पाईपांवर बंदी येईपर्यंत. आज तिथे सुमारे चार लाख घरांना अशी जोडणी आहे. अमेरिकेतल्या दुसऱ्या कुठल्याही शहरात इतक्या नाहीत. ऐकणाऱ्याला हा शुद्ध वेडेपणा वाटेल, पण मला त्या जुन्या इंजिनिअरांचं म्हणणं कळतं. शिसं वळतं, जमीन खचली तरी तडकत नाही, कडाक्याच्या थंडीत तग धरतं आणि शंभर वर्षं टिकतं. आपल्याकडे जीआयच्या जोडण्या दहा-पंधरा वर्षांत गंजून चाळण होताना मी पाहिल्या आहेत आणि त्यावरून लोकांच्या शिव्याही खाल्ल्या आहेत. १९२५ साली शिकागोत नोकरीला असतो तर मीही शिसंच टाकलं असतं.

प्रश्न एवढ्यावर सुटला असता तर बरं. पण सुनेला सातवा महिना लागला होता. शिशाचा मोठ्या माणसालाही त्रास होतो, रक्तदाब चढतो, मूत्रपिंडं बिघडतात; तान्ह्या मुलाच्या बाबतीत मात्र ते थेट मेंदूच्या वाढीवर घाला घालतं, आणि अमुक इतकं चालेल अशी सुरक्षित पातळी नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा अंदाज असा की पावडरच्या दुधावर वाढणाऱ्या बाळाच्या अंगात जाणाऱ्या शिशापैकी ४० ते ६० टक्के पाण्यातून जाऊ शकतं. कारण उघड आहे, बाळ दुसरं काही खात-पीतच नाही. सून म्हणाली, "बाबा, तुम्ही तपासून सांगा, मग मी काळजी करायची की नाही ते ठरवते." मला तिचा हा क्रम आवडला.

आमच्या नोकरीत पाणी तपासणं म्हणजे मुख्यतः जंतू. नळाचं पाणी नळीत घ्यायचं, ओटी या रसायनाचे थेंब टाकायचे, पिवळं झालं की क्लोरीन आहे, नाही झालं की गावच्या शिपायाला टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, कुठे ठेवलंय ते विचारायचं. पावसाळ्यात जंतू दाखवणाऱ्या एच-टू-एसच्या बाटल्या. काळी पडली की गाव हादरायचं. यवतमाळ-चंद्रपूरकडे फ्लोराइड. या सगळ्यात दोष एकतर उगमाला असतो, नाहीतर गटाराशेजारून गेलेल्या फुटक्या लाईनीत. शिकागोचं तसं नाही. पाणी मिशिगन सरोवरातून येतं, आणि जगातल्या सर्वांत मोठ्या शुद्धीकरण केंद्रांपैकी एक त्या सरोवराच्या काठावर आहे. तिथून निघताना पाण्यात शिसं नसल्यातच जमा. रस्त्याखालच्या ओतीव लोखंडाच्या मेनमध्येही नाही. ते मिसळतं शेवटच्या दहा-पंधरा मीटरमध्ये, मेनला जोडणी लागते त्या फेरूलपासून तुमच्या तळघरापर्यंत. म्हणजे शेजारच्या घराचा अहवाल तुमच्या उपयोगाचा नाही, आणि शहराचा अहवाल तर मुळीच नाही.

ही गोष्ट नगरपालिकेलाही माहीत असते. म्हणून १९९० च्या दशकापासून ते लोक पाण्यात फॉस्फेट सोडतात. त्याने पाईपच्या आतून एक पातळ पुट धरतं आणि पाणी धातूला भिडत नाही. ते पुट शाबूत असेपर्यंत पाणी ठीक. समोर गॅसवाल्याने रस्ता खणला, मीटर बदलला, पाईपला हिसका बसला, की पापुद्रे सुटतात.

शहर रहिवाशांना तपासणीचा संच फुकट पाठवतं. त्यात तीन बाटल्या. अट अशी की आधी निदान सहा तास घरातला एकही नळ उघडायचा नाही. मग स्वयंपाकघरातल्या गार पाण्याच्या नळातून पहिली धार पहिल्या बाटलीत. नंतर नळ काही मिनिटं वाहू द्यायचा, दुसरी. आणखी काही मिनिटांनी तिसरी. वाचायला सोपं आहे. पण आमच्या घरात ते मुंबईच्या लोकलमध्ये चौथी सीट मिळवण्याइतकं अवघड झालं.

कारण एक, जेटलॅग. आमची ही पहाटे तीनला टक्क जागी व्हायची आणि चहाला पाणी ठेवायची. कारण दोन, तिची जन्माची सवय: सकाळी उठल्यावर रात्रीचं शिळं पाणी ओतून टाकायचं, नळ थोडा सोडायचा, मग ताजं भरायचं. सोलापूरकडच्या तिच्या माहेरी हे अगदी काटेकोर होतं. मी तिला सांगत होतो की आपल्याला नेमकं ते शिळं पाणीच हवंय, रात्रभर पाईपात बसलेलं. ती म्हणाली, "अहो, मग ते घाण पाणी तपासून काय कळणार? पिणार तर आपण ताजं." मी हसलो खरा, पण तिचा मुद्दा वाटला तेवढा भाबडा नव्हता हे मला नंतर कळलं. तेव्हा मी फक्त नळाला रुमाल बांधला आणि चहाचं पाणी आदल्या रात्री भरून ठेवलं.

कारण तीन मला एकट्याला दिसत होतं, बाकी कुणी मनावर घेत नव्हतं. वरच्या मजल्यावर राहणारी मुलगी रुग्णालयात नर्स होती, तिची रात्रपाळी. पहाटे परत येऊन ती आंघोळ करायची. कनेक्शन एकच, म्हणजे तिने वर शॉवर सोडला की खाली शिशाच्या पाईपातलं रात्रभराचं पाणी तिच्या न्हाणीघरातून निघून जाणार आणि आमच्या बाटलीत मेनमधलं ताजं पाणी येणार. अहवाल छान येईल आणि खोटा असेल. मुलगा तिला विचारायला संकोचत होता. शेवटी मीच जिना चढलो आणि माझ्या तुटक्या इंग्रजीत सगळं सांगितलं. ती आधी गोंधळली, मग म्हणाली की तिच्याही नळाची अशीच तपासणी करून देणार असाल तर एक दिवस आंघोळ उशिरा करीन. सौदा ठरला.

नमुने गेले, निकाल आला. पहिल्या बाटलीत ३, दुसरीत ५, तिसरीत ४. आकडे पीपीबीमध्ये, म्हणजे लिटरमागे तितके मायक्रोग्रॅम. अमेरिकेत १९९१ पासून कारवाईची रेषा १५ ची. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात, आयएस १०५०० मध्ये, मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे १०. दोन्हीकडे पास. मुलगा खूष झाला, पेढे आणू का म्हणाला.

मी मात्र टेप घेऊन तळघरात गेलो. नळापासून मीटरपर्यंतचं घरातलं पाईपिंग पाऊण इंची तांब्याचं, वळणं धरून दहाएक मीटर. पाऊण इंची पाईपात मीटरला साधारण पाव लिटरच्या वर पाणी मावतं. म्हणजे पहिले पावणेतीन लिटर तांब्याच्या पाईपातलं पाणी. शिशाच्या पाईपात रात्रभर बसलेलं पाणी नळातून बाहेर पडतं ते त्यानंतरच्या चार-पाच लिटरमध्ये. आणि काही मिनिटं नळ पूर्ण सोडला की ते केव्हाच सिंकमधून गेलेलं असतं, मेनमधलं पाणी सुरू झालेलं असतं. पहिली बाटली शिशाच्या अलीकडची, बाकी दोन शिशाच्या पलीकडून झर्रकन आलेल्या. ज्या पाण्याची आम्हाला चौकशी होती त्याचा थेंबही बहुधा कुठल्याच बाटलीत नव्हता.

ही माझी हुशारी नाही. हेच काम याच शहरात रीतसर झालेलं आहे. पर्यावरण संरक्षण संस्थेच्या शिकागो कार्यालयातले मिगेल डेल टोरल आणि त्यांचे सहकारी यांनी शिकागोतल्या ३२ घरांतून ओळीने लिटर-लिटर पाणी घेतलं आणि २०१३ मध्ये निष्कर्ष छापले: पहिल्या धारेच्या नमुन्यात शिशाच्या जोडणीतलं सर्वांत वाईट पाणी सापडतच नाही, आणि जिथे रस्ता खणला किंवा मीटर बसवला तिथे आकडे वर जातात. हेच डेल टोरल पुढे फ्लिंटमध्ये दिसतात.

फ्लिंट शिकागोपासून गाडीने चार-पाच तासांवर, मिशिगन राज्यात. एप्रिल २०१४ मध्ये पैसे वाचवण्यासाठी त्या शहराचं पाणी डेट्रॉइटच्या योजनेवरून फ्लिंट नदीवर वळवलं. नदीचं पाणी जास्त गंजवणारं, आणि त्यात फॉस्फेट सोडलं नाही. पाईपांच्या आतलं जुनं पुट धुऊन निघालं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जनरल मोटर्सने आपल्या इंजिनांच्या कारखान्यासाठी ते पाणी बंद केलं, कारण सुटे भाग गंजायला लागले. माणसं ते त्यानंतरही वर्षभर पीत होती. मी आयुष्यभर सरकारी नमुने पाहिले आहेत, त्यामुळे फ्लिंटमधल्या नमुन्यांची कथा मला सगळ्यांत जास्त बोचली. लोकांना सूचना दिली होती की आदल्या रात्री नळ काही मिनिटं वाहू द्या. पाईपातलं साठलेलं पाणी आणि सुटलेले कण त्यानेच निघून जातात. ७१ नमुन्यांपैकी जास्त आकड्यांचे दोन नमुने नंतर वगळले आणि शहर १५ च्या खाली आलं. त्यातला एक लीअॅन वॉल्टर्स या गृहिणीच्या घरचा. डेल टोरल यांनी २०१५ मध्ये अंतर्गत टिपण लिहून धोक्याची सूचना दिली, व्हर्जिनिया टेकच्या मार्क एडवर्ड्स यांनी स्वतंत्रपणे शेकडो घरांचं पाणी तपासलं, मोना हॅना-अॅटिशा या बालरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी मुलांच्या रक्तातले आकडे लोकांसमोर ठेवले, तेव्हा कुठे ऑक्टोबर २०१५ मध्ये डेट्रॉइटचं पाणी परत सुरू झालं. यात बनावट अहवाल कुणी शून्यातून तयार केला नव्हता. बाटली कधी आणि कशी भरायची, कुठली बाटली मोजायची, हे हलवलं होतं.

आता नियमही तिकडे सरकले आहेत. शिशाची जोडणी असलेल्या घरांत पहिल्या लिटरबरोबर पाचवा लिटरही घ्यायचा, अशी तरतूद आली. २०२४ च्या नव्या नियमात रेषा १५ वरून १० वर आणायचं ठरलं. पण ही रेषा तुमच्या-आमच्या घरासाठी नाही, हेही समजून घेण्यासारखं आहे. शहरातल्या नमुन्यांपैकी दहा टक्क्यांहून जास्त नमुने रेषेच्या वर गेले तर शहराने हालचाल करायची, असा तो हिशेब आहे. एका घरात २० निघाले तरी शहर पास होऊ शकतं.

म्हणून आम्ही एका खासगी प्रयोगशाळेकडून एक-एक लिटरच्या दहा बाटल्या मागवल्या. नर्सबाईंना पुन्हा विनंती. पुन्हा रुमाल. या खेपेला आमची ही उत्साहाने बाटल्यांवर मार्करने मराठी आकडे घालत बसली; प्रयोगशाळेला इंग्रजी लागतील म्हणून सुनेने शेजारी दुसरे घातले. पहाटे आम्ही चौघं सिंकपाशी. नियम असा की धार तोडायची नाही आणि जोर नेहमीचाच ठेवायचा. फार हळू सोडलं तर कण येत नाहीत. नळाच्या तोंडाची जाळी काढायची नाही. मी बाटली धरतो, मुलगा पुढची सरकवतो, सून झाकण लावते. पाणी दहाही बाटल्यांत तंतोतंत सारखं, स्वच्छ, वास नाही, रंग नाही. आमच्या खात्यात गढूळ पाणी दिसलं की लोक मोर्चा आणायचे. या पाण्यावर कुणी मोर्चा आणणार नाही.

प्रयोगशाळेत अशा नमुन्यात नायट्रिक आम्ल घालतात, म्हणजे बाटलीच्या भिंतीला चिकटलेलं शिसं पाण्यात उतरतं, आणि मग यंत्रावर मोजतात. निकालाचा कागद आला तो असा: पहिल्या बाटलीत ३, दुसरीत ३, तिसरीत ६, चौथीत १३, पाचवीत १७, सहावीत १६, सातवीत ११, मग उतरत दहावीत ४. मुलाने त्याचा आलेख काढला. मधोमध टेकाड. टेपने मोजलेली लांबी आणि ते टेकाड एकमेकांवर बरोबर बसत होतं. इतक्या वर्षांत माझं कुठलंही गणित इतकं तंतोतंत जुळलं नव्हतं. आनंद झाला हे सांगायलाही लाज वाटते, कारण सून शेजारीच उभी होती.

तिने कागद दोनदा वाचला आणि विचारलं, "म्हणजे सकाळी चहाच्या आधणाचं पाणी कितव्या बाटलीतलं?" आमच्या हिने उत्तर दिलं, "मी आधी थोडं सोडून देते ना, मग ते चौथी-पाचवीतलंच की." बरोबर होतं. शिळं पाणी म्हणून ती तांब्याच्या पाईपातलं चांगलं पाणी सोडून द्यायची आणि नेमकं टेकाडावरचं भरायची. सोडायचं तर पाच मिनिटं सोडायला हवं. ताज्या पाण्याचा तिचा मुद्दा योग्य होता, अंतर तेवढं कमी पडत होतं.

पुढचं काम पटकन झालं. पूर्ण जोडणी बदलायला हजारो डॉलर लागतात. अर्धीच बदलायला इलिनॉय राज्यात आता कायद्याने मनाई आहे, आणि ते योग्यच आहे. कापाकापीत उरलेल्या शिशाचं पुट सुटतं. मुलाने शहराच्या योजनेत नाव नोंदवलं आणि तोवर नळाला फिल्टर बसवला. इथे एक व्यवहारी गोष्ट. दुकानात मिळणारे बरेच फिल्टर फक्त चव आणि क्लोरीनसाठी असतात. शिशासाठी एनएसएफ ५३ हा मानक क्रमांक आणि त्यापुढे शिशाचा स्पष्ट उल्लेख डब्यावर बघावा लागतो. पाणी उकळून उपयोग नाही, उलट वाफ जाते आणि शिसं मागे राहतं. आणि गरम पाण्याच्या नळातलं पाणी स्वयंपाकाला कधीच घ्यायचं नाही, गरम पाण्यात शिसं जास्त विरघळतं. हे शेवटचं ऐकून आमच्या हिला वाईट वाटलं. तो नळ तिला अमेरिकेतली सर्वांत मोठी सोय वाटत होती.

फिल्टर लागल्यावर सगळे निवांत झाले, पण सून वाचत राहिली, आणि तिला निघालं ते भलतंच. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२५ मध्ये आयात भांड्यांबद्दल इशारा दिला होता: काही अॅल्युमिनियम, पितळी आणि हिंडालियमच्या भांड्यांतून अन्नात शिसं उतरतं. हिंडालियम! आम्ही येताना सामानात तिच्यासाठी हिंडालियमचं पातेलंच आणलं होतं, खीर लागत नाही म्हणून. ते पातेलं वाईट आहे असं मी म्हणत नाही. ते तपासलेलं नाही एवढंच. आमच्या हिने ते मुकाट्याने तळघरात नेऊन ठेवलं. मग पितळेच्या भांड्यांवर बोलणं गेलं, कल्हईच्या कथलात शिसं मिसळतात यावर गेलं, आणि हळदीवर गेलं. हळदीला पिवळाधमक रंग यावा म्हणून शिशाचं क्रोमेट घालण्याचे प्रकार बांगलादेशात सापडले आहेत. त्या रात्री जेवणात फारसं कुणी बोललं नाही.

नातू झाला, आम्ही परतलो. पुण्यात आल्यावर मनात आलं, आपल्याकडे शिशाच्या जोडण्या फारशा नाहीत हे ठीक, पण आपण काय टाकलं? वर्षानुवर्षं पीव्हीसी. पीव्हीसी टिकाऊ करायला त्यात शिशाची संयुगं घालायची पद्धत होती; पिण्याच्या पाण्याच्या पाईपांत ती बंद करण्याचे केंद्राचे नियम २०२१ चे. त्याआधी टाकलेले मैलोगणती पाईप जमिनीत आहेत, त्यातले काही माझ्या सहीने. शिवाय पितळी नळ. आमच्या इमारतीचं पाणी तपासायचं ठरवलं. नेहमीच्या तपासणीत शिसं येतच नाही, जडधातू वेगळे सांगावे लागतात, पैसेही वेगळे.

प्रयोगशाळेच्या काउंटरवर फॉर्म मिळाला. नाव, पत्ता, बोअर की नगरपालिका, नमुना घेतल्याची तारीख, वेळ. पाणी किती तास पाईपात उभं होतं, कितवा लिटर, नळ किती सोडला, यासाठी रकाना नव्हता. मी समासात लिहिलं: रात्री साडेदहा ते सकाळी सहा बंद, वरच्या टाकीपासून नळापर्यंतचं पाणी, धार न तोडता पहिला आणि चौथा लिटर. काउंटरवरच्या मुलीने फॉर्म उलटून पाहिला.

"काका, एवढं लागत नाही. शिसं आहे की नाही एवढंच येईल रिपोर्टमध्ये."

"लिहिलेलं राहू द्या."

"मग दोन बाटल्यांचे दोन सॅम्पल धरू का? डबल पैसे होतील."

धरा म्हणालो.